लेहरा यंत्राने धरावा, हात मोकळे राहावेत

सांगलीच्या एका ऑक्टोपॅड वादकाचा प्रश्न आला आहे. ते सात वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवतात. घरी लॅपटॉपवर एबलटन लाइव्ह हे संगीत मांडायचं सॉफ्टवेअर आहे, पण माउसने एकेक ठोका मांडत बसलं की तासाभरात मन उडतं, असं ते लिहितात. हार्डवेअर स्टेप सिक्वेन्सर, म्हणजे बटणांच्या रांगेत मांडलेली ओळ आपणहून फिरवत राहणारं यंत्र, घ्यावा की लॅपटॉपला हुकूम देणारा पॅडचा कंट्रोलर? सोळा बटणांत आपले ताल मावतात का? ऑक्टोपॅडला हे कसं जोडायचं? पुढे स्टेजवर नेता येईल का? खर्चाची मर्यादा तीस हजार.

तुम्ही सिक्वेन्सर घ्या.

कंट्रोलरने तुम्हाला आणखी काही पॅड मिळतील. पॅड तुमच्याकडे आठ आहेत आणि ते वाजवणारे तयार हातही आहेत. तुमच्याकडे नाही तो लेहरेवाला. एकल तबला ऐकायला बसलात की शेजारी पेटी किंवा सारंगीवर एकच ओळ तासभर फिरत असते. ती सम दाखवते, आवर्तन धरून ठेवते, आणि तिच्या भरवशावर तबलजी हवा तिकडे जाऊन परत येतो. मी पंधरा-सोळा वर्षं या यंत्रांवर काम करतोय आणि स्टेप सिक्वेन्सर म्हणजे काय हे समजवायला मला लेह‍ऱ्याइतकं नेमकं दुसरं काही सापडलेलं नाही. यंत्राने काय धरायचं आणि हाताने काय वाजवायचं हे एकदा ठरलं, की कुठलं यंत्र घ्यायचं आणि कसं जोडायचं हे त्यातूनच निघतं.

दोघांतला फरक दुकानात ओळखायचा तर लॅपटॉपची वायर काढून बघा. नोव्हेशनचं मूळ लाँचपॅड किंवा अकाईचं एपीसी ४० त्याक्षणी मुकं होतं, कारण पॅटर्न, म्हणजे मांडलेली ओळ, लॅपटॉपच्या पोटात असतो आणि हे फक्त त्याचे हात असतात. सिक्वेन्सरच्या पोटात पॅटर्न स्वतःचा असतो. त्याला नुसती वीज दिली तरी तो चालत राहतो आणि मिडी (यंत्रांची एकमेकांशी बोलायची भाषा) केबलवरून समोरच्या सिंथला, म्हणजे आवाज तयार करणाऱ्या यंत्राला, सूर सांगत राहतो. आता सीमा पुसट झाली आहे. आर्टुरियाच्या बीटस्टेप प्रोमध्ये दोन सुरांचे आणि एक ड्रमचा असे तीन सिक्वेन्सर आहेत, आणि एक बटण दाबलं की तोच कंट्रोलर होतो. एबलटनचं पुश ३ तर लॅपटॉपशिवाय चालणारंही मिळतं. तरी वायर काढून बघण्याची सवय ठेवा. आणि एक गोष्ट घेण्याआधीच पक्की करा, कारण इथे पुष्कळांची फसगत होते: नुसत्या सिक्वेन्सरला स्वतःचा आवाज नसतो. तो सांगतो, वाजवतं दुसरंच कोणीतरी. तुमच्या बाबतीत सुरुवातीला ते काम लॅपटॉप करेल.

माउसने कंटाळा का येतो हे मला माहीत आहे. तिथे थांबायचं, मांडायचं, मग ऐकायचं, पुन्हा थांबायचं. डोळे काम करतात आणि कान वाट बघतात. सिक्वेन्सर थांबतच नाही. दिवा पहिल्या बटणापासून सोळाव्यापर्यंत पळतो, पुन्हा पहिल्यावर येतो, आणि तुम्ही जे बदलाल ते पुढच्याच फेरीत कानावर पडतं. बटणांची ही सोळाची रांग लोकांच्या बोटांत बसवली ती रोलँडच्या टीआर-८०८ ने, १९८० मध्ये. त्याआधी मोगच्या ९६० या सिक्वेन्सरमध्ये आठ स्टेप आणि नॉबच्या तीन ओळी असत. नॉब फिरवून प्रत्येक स्टेपचा सूर लावायचा. आजच्या छोट्या यंत्रांत या दोन्हींची सरमिसळ आहे.

पहिल्या संध्याकाळी काय करायचं ते सांगतो. वेग १०० बीपीएम, म्हणजे मिनिटाला १०० मात्रा, ठेवा. सोळा स्टेपचं एक आवर्तन, एका मात्रेत चार स्टेप, म्हणजे एका स्टेपला १५० मिलिसेकंद मिळतात. बेसचा एकच साधा आवाज घ्या. १, ४, ७, ११ आणि १३ ही बटणं पेटवा. सगळीकडे सूर एकच, षड्ज. हे दोन मिनिटं नुसतं चालू द्या आणि मांडीवर हाताने मात्रा धरा. अंतरं ३-३-४-२-४ अशी पडतात.

सुराला अजून हात लावू नका. आधी गेट बदला, म्हणजे सूर किती वेळ धरायचा ते. सगळीकडे ३० टक्के ठेवलात तर प्रत्येक सूर ४५ मिलिसेकंदांत संपतो आणि ओळ टिचक्या मारल्यासारखी वाजते. आता फक्त सातव्या स्टेपचा गेट ९० टक्क्यांवर न्या. तो सूर १३५ मिलिसेकंद टिकतो, आणि तेवढ्याने ओळीला श्वास मिळतो, जणू कोणीतरी तिथे बोट दाबून धरलंय. मग चौथ्या स्टेपवर जोर वाढवा, पहिल्यावर कमी करा. मग अकराव्याचा सूर मंद्र पंचमावर उतरवा, फक्त तेवढाच. शेवटी तेरावं बटण विझवून चौदावं पेटवा. अंतरं ३-३-४-३-३ झाली आणि संपूर्ण चाल बदलली. पहिली मांडणी क्यूबाच्या सोन संगीतातली क्लावे (पायाचा ठेका) आहे, दुसरी ब्राझीलच्या बोसा नोव्हातली. मध्ये फरक एका बटणाचा. हे कागदावर वाचून कळत नाही. पळत्या दिव्याखाली बोटाने बदललं की कायमचं कळतं, आणि तबल्याची सवय असलेल्या माणसाला तर पहिल्या मिनिटात.

गेटबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण नवखे सगळे सुरांच्या मागे धावतात आणि गेटला कोणी विचारत नाही. गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर नव्वदच्या दशकात जे ट्रान्स संगीत रुजलं, त्याचा बेस बहुतेकदा एकाच सुराचा असतो. चार स्टेपमध्ये पहिल्यावर किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, आणि पुढच्या तिन्हींवर बेस. १४५ बीपीएमला एक स्टेप जेमतेम १०३ मिलिसेकंदांची. तिसरा बेस थोडा जरी लांबला तरी तो पुढच्या किकच्या अंगावर पडतो आणि सगळं चिखल होतं. त्या संगीताची सगळी धाव गेट किती कापलाय यावर उभी असते.

आता मींड. तुम्ही सुरेल सिंथ चालवणार असाल तर सिक्वेन्सरमध्ये स्लाइड किंवा टाय हे काय आहे ते आधी शोधा. रोलँडच्या टीबी-३०३ या छोट्या बेस यंत्रात प्रत्येक स्टेपला दोन खुणा देता येत: ॲक्सेंट आणि स्लाइड. स्लाइड दिलेला सूर पुन्हा न छेडता पुढच्या सुरावर घसरत जातो. त्या यंत्रात सुरांची यादी वेगळी भरायची आणि लयीची वेगळी. दोन्ही याद्या एकमेकींशी नीट जुळल्या नाहीत की मनात नव्हती अशीच ओळ बाहेर पडायची, आणि पुष्कळदा तीच ठेवावीशी वाटायची. बेस गिटार वाजवणारा नसेल तर त्याच्या जागी साथ करावी म्हणून ते बनवलं होतं, पण त्या कामाला ते लोकांना पटलं नाही आणि १९८४ मध्ये उत्पादन थांबलं.

या यंत्राचा आपल्याशी खरा संबंध आहे. मुंबईत हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही तीन यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची एक तबकडी केली. तेव्हा ती फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या लोकांना धक्का बसला, कारण शिकागोतून ॲसिड हाउस नावाचं जे नृत्यसंगीत पुढे आलं त्याच्या पाचेक वर्षं आधीचा हा आवाज होता. मी ती ऐकतो तेव्हा मला त्यात नवल वाटत नाही. खाली षड्ज हलत नाही, ठेका हलत नाही, वर रागाचे सूर फिरतात आणि यंत्राची स्लाइड मींडेच्या जवळ जाते. हे यंत्र ज्यांनी बनवलं त्यांच्या डोळ्यांसमोर पाश्चात्य गाण्यांची साथ होती. एका आवर्तनावर दहा मिनिटं राहायची सवय आपल्या कानाला आधीपासून होती. ऑर्केस्ट्रातल्या आणि स्टुडिओतल्या वादकांनी ही तबकडी मन लावून ऐकावी, असं मला फार वाटतं.

ताल मावतात का, या प्रश्नाचं उत्तर हो, आणि त्याला फक्त एक सेटिंग लागतं: शेवटची स्टेप. बहुतेक यंत्रांवर त्यासाठी वेगळं बटण असतं. तीनताल सोळा मात्रांचा, तो सोळा बटणांत सरळ बसतो, पण एका स्टेपला एक मात्रा धरली तर मधले बोल मांडता येत नाहीत. म्हणून एका मात्रेला दोन स्टेप धरा. तीनताल ३२ स्टेपचा होतो, झपताल २० चा, रूपक १४ चा, केरवा १६ चा. ६४ स्टेपपर्यंत जाणारं यंत्र घेतलंत तर नेहमीचे सगळे ठेके आरामात बसतात. ज्या यंत्रावर १६ च्या वर जाताच येत नाही ते तुमच्या कामाचं नाही, मग ते कितीही स्वस्तात मिळो.

सहा मात्रांच्या अंगाने जाणाऱ्या चाली, उदाहरणार्थ बरीचशी कोळीगीतं, यांच्यासाठी लोक सोळा स्टेपवर स्विंग वाढवून बघतात. ते चुकतं. स्विंग म्हणजे प्रत्येक जोडीतली दुसरी स्टेप थोडी उशिरा वाजवणं. ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ च्या आसपास गेलं की तिप्पटीचा भास होतो. भासच तो. दादरा तीन-तीन मात्रांच्या गटांत चालतो, त्याला ती तिसरी जागा खरोखर हवी असेल तर शेवटची स्टेप १२ किंवा २४ करा आणि स्विंग ५० वर ठेवा. याउलट केरव्यात ५४ ते ५८ च्या दरम्यानचा स्विंग ठेक्याला डोलवतो. किती ठेवायचा हे वेगावर अवलंबून असतं. वेग वाढला की स्विंग कमी करत आणा, नाहीतर ठेका लंगडतो.

तुम्हाला हिशोबाची आवड असणार म्हणून एक तिहाई देतो. सोळा स्टेपच्या आवर्तनात पाच स्टेपचा बोल तीनदा आणि मध्ये एकेक स्टेप रिकामी: ५+१+५+१+५, एकूण सतरा. म्हणजे समेवरून निघून पुढच्या समेवर येता येतं. बटणांवर पहिला बोल १ ते ५, दुसरा ७ ते ११, तिसरा १३ ते १७. पण सतरावं बटण नाही! शेवटचा ‘धा’ पुढच्या पॅटर्नच्या पहिल्या स्टेपवर ठेवावा लागतो. म्हणून तिहाईचा पॅटर्न वेगळा साठवा, त्याच्या मागे ठेक्याचा पॅटर्न लावा आणि त्या ठेक्याच्या पहिल्या स्टेपवर किक आणि थाप एकत्र, पूर्ण जोराने ठेवा. मग यंत्राला सांगा की पॅटर्न आवर्तन संपल्यावरच बदल. काही यंत्रं बटण दाबताक्षणी उडी मारतात. त्यांत हे सेटिंग शोधावं लागतं. पहिल्यांदा मी हे बसवलं तेव्हा यंत्र समेवर उतरलं आणि अंगावर काटा आला. त्यानंतर यंत्राच्या संगीताला जीव नसतो असं मला कधी वाटलं नाही.

लांबी वेगवेगळी ठेवण्याचंही सुख आहे. ड्रम १६ स्टेपचा आणि बेस १४ चा ठेवा. दोघे पहिल्या स्टेपवर एकत्र निघतात, लगेच सुटतात आणि ११२ स्टेपनंतर, ड्रमची सात आणि बेसची आठ आवर्तनं झाल्यावर, पुन्हा समेवर भेटतात. तुम्ही काहीही बदललेलं नसतं, तरी ऐकणाऱ्याला ओळ सतत नवी वाटते. काही यंत्रांत स्टेपला शक्यता देता येते, म्हणजे हा ठोका दहापैकी सातदाच वाजव. एलेक्ट्रॉन कंपनीच्या यंत्रांत तर हा ठोका चारातल्या तिसऱ्या फेरीलाच वाजव, असंही सांगता येतं. छान सोय आहे, पण ती दोन-तीन महिन्यांनी हातात घ्या.

आता जोडणी. इथे थोडा धीर धरा, कारण घरी बसलेलं सगळं इथेच बिघडतं.

मिडीचा क्लॉक, म्हणजे यंत्रांना एका लयीत चालवणारी खूण, एका मात्रेला २४ टिचक्या पाठवतो. १२० बीपीएमला दर २०.८ मिलिसेकंदांना एक. त्यात वेग किती हा आकडा नसतो. ऐकणारं यंत्र टिचक्या मोजतं आणि त्यांच्या मागे चालतं. म्हणून संपूर्ण मांडणीत क्लॉक देणारा एकच हवा. मी एका खासगी कार्यक्रमात ड्रम मशीनला मिडी केबलही जोडली होती आणि तालमीतली यूएसबी वायरही तशीच राहिली होती. दोन्हींकडून क्लॉक येऊ शकत होता. सुरुवातीला लॅपटॉपवरचा क्लॉक बंद होता म्हणून सगळं ठीक चाललं. दुसऱ्या गाण्यासाठी मी लॅपटॉपवर प्ले दाबलं आणि ठेका एकदम दुप्पट पळायला लागला. गायिका समोर उभी, तिचा सूर लागलेला, आणि मला कळेना की कुठलं यंत्र थांबवावं. मी सगळं बंद केलं, तिची माफी मागितली आणि पुन्हा सुरू केलं. त्या दिवसापासून प्रत्येक यंत्रावर कागदी टेप चिकटवून लिहिलेलं असतं: क्लॉक देतो, किंवा क्लॉक घेतो, आणि कुठल्या तारेवरून. तुम्हीही तालमीपासूनच तसं लिहा.

लहान यंत्रांत मिडीऐवजी साध्या साडेतीन मिलिमीटरच्या जॅकवरून सिंक, म्हणजे सोबत चालायचे ठोके, जातं. कॉर्गची वोल्का मालिका मात्रेला दोनच ठोके मोजते, जुन्या रोलँडचा डिन सिंक २४ मोजतो. एकाचा ठोका दुसऱ्याला दिला की यंत्र भलत्याच वेगाने चालतं आणि माणूस ते बिघडलं समजून परत करायला निघतो. सेटिंगमध्ये आकडा बदलायचा असतो, एवढंच. तसंच, त्या छोट्या जॅकमधून मिडी देण्याच्या दोन पद्धती आहेत, ए आणि बी. २०१८ मध्ये ए प्रकार ठरला, पण त्याआधीची कित्येक यंत्रं बी प्रकारची आहेत. चुकीचा जोड लावला तर काही जळत नाही, पण आवाजही येत नाही.

तुमच्या मांडणीत लॅपटॉप फक्त आवाज देणार असेल, त्यात लूप किंवा वेगाला बांधलेला डिले (प्रतिध्वनी) नसेल, तर त्याला क्लॉक देऊच नका. सिक्वेन्सरकडून सूर जातात, लॅपटॉप ते वाजवतो. पुरे. वेगाला बांधलेला डिले हवाच असेल तर लाइव्हला क्लॉक देणारा करा आणि सिक्वेन्सरला घेणारा. उलटं केलं की लाइव्ह बाहेरच्या क्लॉकमागे किंचित हेलकावतो आणि ते तुमच्या हाताला जाणवेल. ऑडिओ इंटरफेसचा, म्हणजे लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणाऱ्या डब्याचा, बफर (आवाज सोडण्याआधी साठवायचे नमुने) १२८ ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झला तो साधारण तीन मिलिसेकंद होतो. १०२४ वर २३ मिलिसेकंद लागतात, आणि ऑक्टोपॅडवर काठी पडल्यावर तेवढ्या उशिरा आवाज आला तर तुमच्यासारखा वादक वैतागेल.

ऑक्टोपॅडच्या मिडी आउटमधून तुमचे ठोके बाहेर काढता येतात. ते आणि सिक्वेन्सर दोन्ही एकाच सिंथकडे न्यायचे असतील तर दोन केबल एकत्र पिळून चालत नाही. मिडीत संदेश एकामागून एक जातात, दोन प्रवाह नुसते जोडले की त्यांचा कचरा होतो. त्याला मिडी मर्ज नावाचा छोटा डबा मिळतो, किंवा दोघांना यूएसबीने लॅपटॉपला जोडलं तर तो हे काम करतो. चॅनल वाटून घ्या: ऑक्टोपॅड १० वर, बेस २ वर, सुरावट १ वर. पाच पिनांच्या मिडीवर एका सुराच्या संदेशाला जवळपास एक मिलिसेकंद लागतो. एकाच स्टेपवर सहा-सात आवाज ठेवलेत तर शेवटचा पाच-सहा मिलिसेकंद मागे पडतो. किक पहिल्या ट्रॅकवर ठेवावी असं मी सांगतो ते यासाठी, कारण बरीच यंत्रं ट्रॅकच्या क्रमाने संदेश सोडतात.

नॉबबद्दल माझं मत ठाम आहे: चार पुरेत. यंत्रावर सोळा असले तरी कार्यक्रमात चारच वापरा. एक बेसच्या फिल्टरला (तो आवाजाची धार कमी-जास्त करतो), मिडीत त्याचा क्रमांक बहुतेकदा ७४ असतो. एक त्याच्या रेझोनन्सला, ७१. एक डिलेला, एक ठेक्याच्या एकूण आवाजाला. डावा हात ट्रॅक बंद-चालू करतो, उजवा फिल्टरवर. साध्या नॉबची एक खोड असते. पॅटर्न बदलल्यावर आतली किंमत वेगळी आणि नॉबची जागा वेगळी, त्यामुळे हात लावताक्षणी आवाज उडी मारतो. त्यासाठी लाइव्हमध्ये पिकअपचं सेटिंग आहे. नॉब त्या किमतीपाशी पोचेपर्यंत काही होत नाही. न थांबता फिरणारे एन्कोडर असतील तर हा त्रास कमी.

तुमच्या बजेटात मी बीटस्टेप प्रोच्या पठडीतलं काहीतरी शोधेन, वापरलेलं मिळालं तरी. दोन सुरांच्या ओळी, सोळा आवाजांचा ड्रम, ६४ स्टेप, प्रत्येक स्टेपला नॉब, आणि सुरांचं स्केल स्वतः ठरवायची सोय. भूपाचे पाच सूर एकदा भरून ठेवले की नॉब कसाही फिरवा, चुकीचा सूर लागत नाही. लॅपटॉप मुळीच नको असेल तर ज्यात आवाज आणि सिक्वेन्सर दोन्ही आहेत असं नोव्हेशन सर्किट किंवा एखादी वोल्का बघा. सुटे भाग जोडून बनवायच्या मॉड्युलर सिंथच्या वाटेला आत्ता जाऊ नका. त्यात पैसा आणि वर्ष दोन्ही जातात आणि तुम्हाला हवंय ते वाजवणं बाजूला पडतं. वापरलेलं घेताना सगळी सोळा बटणं एकेक दाबून बघा, एन्कोडर हळू फिरवून आकडा मागेपुढे उड्या मारत नाही ना ते बघा, आणि पॅटर्न साठवून, वीज काढून, परत लावून बघा. केबल आणि अडॅप्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सगळे मिळतात, पण अडॅप्टर घेताना ध्रुव तपासा. वोल्काला ९ व्होल्ट आणि आतला ध्रुव धन लागतो, गिटारच्या पेडलचे अडॅप्टर बहुतेक आतून ऋण असतात. पिन सारखीच दिसते.

स्टेजचं आता. सिक्वेन्सरला वीज लॅपटॉपमधून देऊ नका. मोबाइलचा चांगला चार्जर वेगळा लावा. पॉवर बँक वापरायची तर घरी तासभर चालवून बघा, कारण यंत्र फार कमी वीज ओढतं आणि काही पॉवर बँक त्याला ‘चार्जिंग झालं’ समजून बंद पडतात. लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर मिक्सरवर गुणगुण येऊ लागली तर मंडपातलं अर्थिंग बघायला सांगा. चार्जरची अर्थची पिन मात्र कधी काढू नका. जनरेटरवर चाललेल्या कार्यक्रमात त्यात जिवाचा धोका आहे.

आणि ऑर्केस्ट्रातल्या मंडळींना आधी विश्वासात घ्या. ढोलकीवाला आजवर गायकाच्या मागे चालत आलाय. गायक शब्दावर रेंगाळला की तोही थांबतो, आणि ती त्याची कला आहे. यंत्र कोणासाठी थांबत नाही. म्हणून सुरुवातीला मुखडा आणि अंतरा नेहमीसारखेच वाजवा, फक्त मधल्या वाद्यांच्या तुकड्यात सिक्वेन्सर आणा. वेग टॅप बटणाने ढोलकीवरूनच घ्या. त्याच्या हाताकडे बघत चार टॅप द्या, पाचवीला सम धरून प्ले. तो तुकडा संपताना यंत्राचे ट्रॅक एकेक बंद करत आणा, शेवटी फक्त एक टाळीचा आवाज राहू द्या, आणि गायकाने सूर धरला की तोही काढा. सिक्वेन्सरचा आवाज तुमच्या मॉनिटरमध्ये कमी असला तरी चालेल, ढोलकीवाल्याच्या मॉनिटरमध्ये तो मोठा हवा. साउंडवाल्याला हे कार्यक्रमाआधी सांगून ठेवा आणि तपासणीच्या वेळी ढोलकीवाल्याला त्यावर दोन आवर्तनं वाजवायला लावा.